धवलारणीचा फोटो

नाव : सौ. विनिता केसरीनाथ तरे. वय : एकेचाळीस. राहणार : मौजे दापोडे, तालुका भिवंडी. हुद्दा : नुकसान नोंदणी सहायक. कामाचे स्वरूप : गोदामात उतरलेल्या मालापैकी फुटलेल्या, चेपलेल्या अथवा भिजलेल्या खोक्यांची छायाचित्रे काढणे. छायाचित्रणाचे शिक्षण : निरंक. कलेची आवड : लागू नाही.

वरील तपशिलात चूक काही नाही. विनिताच्या हातात आला तो कंपनीचा साधा, तळहाताएवढा कॅमेरा, आणि शिकवणी मिळाली ती ‘हे दाबायचं’ एवढीच. बाकीचं खोक्यांनी शिकवलं. फ्लॅश मारला की वरचं प्लास्टिक चमकतं आणि आतला पोचा गायब होतो. तेव्हा फ्लॅश बंद. हात हलतो, तेव्हा कोपर पोटाशी, श्वास रोखून. उजेड बाजूने आला तरच खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. समोरून सगळाच माल निर्दोष.

पुढे हे काम स्कॅनर करू लागले. भंगारात निघालेला कॅमेरा विनिताने रीतसर मागून घेतला. तिला एकच फोटो हवा होता.

तिची मावशी राहीबाई गावची धवलारीण. लग्नातले विधी जिच्या धवल्यांवर, म्हणजे गाण्यांवर, पुढे सरकतात ती. गावातल्या बहुतेक लग्नांच्या अल्बमांत ती आहे, पण फोटोच्या कडेला, कोपरापुरती. आता दम पुरेना, म्हणून शेजारच्या दिपालीचं लग्न हे आपलं शेवटचं, असं तिने जाहीर केलं होतं. गाणारी राहीबाई मात्र अजून एकाही फोटोत नव्हती.

विनिताने आधी ओट्यावर सराव केला. हाताच्या सवयीने मावशीला समोरून घेतलं, मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी घेतलं, आणि स्टुलावर चढून वरूनही घेतलं.

“मी काय फुटका माल हाय का गो?” राहीबाई म्हणाली. “आता पत्ता चिकटव नि दे धाडून.”

“मावशे, जरा गा ना.”

मावशी गायला लागे. कॅमेरा वर झाला की तोंड मिटून आधार कार्डाचा चेहरा करी. दर वेळी.

लग्नाला कुणाल स्टुडिओवाला ड्रोनसकट हजर होता. “काकी, साइडला घ्या ना. फ्रेममध्ये येताय.”

“तुझी फ्रेम उचल,” राहीबाई म्हणाली. “मी हलले तर नवरी बिनलग्नाची ऱ्हाईल.”

धवलारीण ओळ गाते, मागे बसलेल्या बायका ती झेलतात. विनिता त्या बायकांत, मांडीवर कॅमेरा घेऊन बसली. समोर मावशीचा अंबाडा तेवढा दिसत होता.

आणि एका ओळीच्या मध्यावर राहीबाईचा दम तुटला. बायका थांबल्या, झेलायला ओळच नव्हती. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखून बसलेल्या विनिताने तो सोडला आणि उरलेली ओळ गायली.

कुणी उचलली ते पाहायला राहीबाई वळली. विनिताकडे बघतच तिने पुढची ओळ घेतली, खणखणीत. कॅमेरा तिला दिसलाच नसावा. विनिताने गाता गाताच बटण दाबलं. कोपर कुठे होतं देव जाणे.

राहीबाईने दुसऱ्या दिवशी तो फोटो डोळ्यांशी धरून पाहिला.

“कवरी हललीय गो मी! नि दात बघ, दोनच.”

“पुसून टाकू?”

“हात तर लावून बघ!”

फोटो हललेला आहे. त्यात राहीबाई गाते आहे.