राजाचा इकामा

खैरुन्निसा परकार बत्तीस वर्षं कुवेतमध्ये आहे. त्यातली एकतीस तिने अब्बासियातल्या एकाच इमारतीत, एकाच तिसऱ्या मजल्यावर काढली. तिला कोणी विचारलं की कुवेत कसं आहे, तर ती सांगते, "आमची गल्ली चांगली आहे. बाकीचं हुसेनला विचारा."

हुसेन म्हणजे तिचा नवरा. मिरकाबमधल्या एका कंपनीत तो मंदूब आहे. कंपनीच्या माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, काढायचे, त्यांची मुदत वाढवायची, बदलायचे, हे त्याचं काम. दिवसभर सरकारी खिडक्यांसमोर उभं राहून तो संध्याकाळी घरी येतो, पेपर उघडतो आणि त्यामागे नाहीसा होतो.

दोन वर्षांपूर्वी मुलगा आतिफ बायकोमुलांसकट कॅनडाला गेला आणि घर एकदम मोठं झालं. खैरुन्निसाने आधी सगळे पडदे धुतले. मग परत धुतले. मग टीव्ही लावला. दुपारी तीन वाजता एका चॅनलवर कोरियन राजाची मालिका लागायची. कोरियन भाषा, खाली अरबी अक्षरं. रविवार ते बुधवार, रोज एक भाग.

अरबी अक्षरं खैरुन्निसा फडाफडा वाचते. लहानपणी श्रीवर्धनला मदरशात शिकली, तेव्हापासून रोज कुराण वाचते. अडचण एवढीच की वाचलेल्यातलं तिला कळत काही नाही. बत्तीस वर्षांत बाजार, दवाखाना आणि हुसेनच्या फायलींतून जे शब्द घरात आले तेवढे येतात. राजा, आई, स्वयंपाकघर, मनाई, उद्या या. पण तेवढ्यावर तिने बत्तीस वर्षं भाजी आणली होती, बाळंतपण केलं होतं आणि एका पोलिसाशी भांडण जिंकलं होतं. मालिका म्हणजे काय मोठी गोष्ट.

मालिकेची सुरुवात अशी होती. राजा आणि त्याची म्हातारी आई कमळांच्या तळ्यात होडीतून चाललेत. दोघं कडाकडा भांडतात. आई राजवाड्याच्या धुराड्याकडे बोट दाखवते, राजा सिंहासनाच्या दालनाकडे. होडी उलटते. ("होडीत उभं राहून भांडतात का कोणी," खैरुन्निसा टीव्हीला म्हणाली.) दोघांना बाहेर काढतात. आणि दुसऱ्या दिवसापासून दाढीवाला राजा मुदपाकखान्यात बसून कोबीच्या लोणच्याच्या बरण्या हुंगतो, तिन्ही राण्यांच्या भातात बोट घालून बघतो. आणि म्हातारी पाय फाकून दरबारात बसते, ढेकर देते, घोडा मागवते.

खैरुन्निसाला सगळं लख्ख कळलं. शेजारची अर्चना सोड्याची पुडी मागायला आली होती, तिला तिने ते उभ्या उभ्या सांगितलं.

"आई म्हणाली, तुझं काय, नुसतं बसायचं. मी चाळीस वर्षं घर चालवते. राजा म्हणाला, मग तू ये दरबारात, मी बसतो चुलीपुढे. झालं. त्यांनी काम बदलून घेतलं. पण कागद नाही बदलले. राजाचा इकामा राजाचाच, काम मात्र मुदपाकखान्यात. आणि आईचा इकामा घरवालीचा, काम राज्याचं."

अर्चना नांदेडची, आयसीयूत नर्स. तिने पुडी हातात घेतली आणि खुर्चीवर बसली. "म्हणजे आपल्या हारिससारखं."

इमारतीचा हारिस, म्हणजे वॉचमन, मेंढपाळाच्या परवान्यावर आला होता. त्याने जन्मात मेंढी राखली नव्हती.

"तस्संच," खैरुन्निसा म्हणाली.

"आणि कोणी तपासायला आलं तर?"

"तोच तर घोळ आहे. प्रधानाला संशय आलाय."

त्या आठवड्यात अर्चनाने पहिल्या मजल्यावरच्या मारियाला आणलं. मारिया वसईची, शाळेच्या ऑफिसात काम करणारी, कशावरही लवकर विश्वास न ठेवणारी. इकाम्याच्या गोष्टीवर तिने लगेच ठेवला. मग दर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, आठवड्याचे चार भाग खैरुन्निसाच्या बैठकीत सांगितले जाऊ लागले. नियम ठरले. फोन फ्रिजवर ठेवायचे. चहा होईपर्यंत विचारायचं नाही. थोरल्या राणीची बाजू घ्यायची नाही, कारण ती घुसमी, म्हणजे आतल्या गाठीची आहे. गुरुवारी सकाळी खैरुन्निसा उशांचे अभ्रे बदलायची आणि दुपारपासून दाराकडे बघायची. आतिफ गेल्यापासून त्या दारातून एका वेळी एवढी माणसं आली नव्हती.

आणि ती सांगायचीही तशी. राजा झाली की गुडघे जुळवून बसायची, ओढणीची निरी सारखी करायची आणि नसलेली दाढी एका बोटाने अशी बाजूला सारायची, की मारिया पोट धरून सोफ्यावर आडवी व्हायची. म्हातारी झाली की पाय फाकून हाक मारायची, "घोडा." पेपरमागून हुसेनचा खांदा हललेला दिसायचा.

तीन महिने हे चाललं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या जहीरची नवी बायको आली. फरहीन. तेवीस वर्षांची, महाडची, कॉलेज मुंबईत केलेली. जहीर दिवसभर कामावर, म्हणून खैरुन्निसाच तिला जिन्यावरून हाताला धरून घेऊन आली.

"बस बाय. आम्ही कोरियाची एक सीरियल ऐकतो."

"कोणती, चाची?" फरहीनने विचारलं. "तळ्यात पडतात ती? मी पाहिलीय. पूर्ण. इंग्लिश सबटायटल्सनी."

"चांगलं केलंस. आता ऐक."

त्या आठवड्यात राजाने धाकट्या राणीचा हात हातात घेऊन रडारड केली होती. खैरुन्निसाने त्याचं कारण दिलं, की त्याचा मुदपाकखान्यात हात भाजला तेव्हा फक्त धाकटीने हळद लावली. अर्चनाने डोळे पुसले. फरहीन चुळबुळत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ॲक्च्युअली चाची, तो राजा नाहीये."

"मग कोण, खालचा बकालावाला वाणी?" मारिया म्हणाली.

"म्हणजे बॉडी राजाची आहे. आत त्याची आई आहे."

मारियाने हातातला कप खाली ठेवला. मग अर्चनाने विचारलं, "आत म्हणजे कुठं?"

"आत. जीव. तळ्यात पडले ना, तेव्हा दोघांचे जीव बदलले. आईचा राजात गेला, राजाचा आईत."

"हे बघ बाई," अर्चना म्हणाली, "मी अकरा वर्षं आयसीयूत आहे. जीव जाताना लै पाहिले. दुसऱ्यात शिरताना एक नाही पाह्यला."

"आणि हे कोरियाचे लोक दाखवतात?" मारिया म्हणाली. "एवढे हुशार लोक. फोन बनवतात."

"गुगल करा ना, आंटी."

"फोन फ्रिजवर आहे गो. उठवत नाही."

दोघींनी खैरुन्निसाकडे पाहिलं. ती काहीतरी ठणकावून सांगेल म्हणून. तेवढ्यात पेपर खाली आला.

"मजीद पण हेच म्हणत होता," हुसेन म्हणाला. मजीद त्याच्या ऑफिसातला हैदराबादी, अरबी उत्तम जाणणारा. "जीव बदललेत म्हणून. मी त्याला सगळ्यांसमोर वेड्यात काढला. म्हटलं, माझ्या घरात सीरियल रोज बघतात."

खैरुन्निसाच्या डोळ्यांसमोरून तीन महिन्यांचे भाग भराभर सरकले. राजा आरशात बघून किंचाळला होता, ते तिने पुळी आल्याचं सांगितलं होतं. म्हातारीला दोन दासी अंघोळीला घेऊन गेल्या तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. खैरुन्निसाने ते साबणावर घातलं होतं. त्या गुरुवारी तिने कप लवकर गोळा केले.

शनिवारी मारियाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग मारिया म्हणाली, "मी काय म्हणते, येत्या गुरुवारी फरहीनकडे बसू या का? शेवटचा आठवडा आहे. तिला इंग्लिश कळतं. तुलाही तेवढाच आराम."

"हो," खैरुन्निसा म्हणाली. "मला आरामच हवाय." फोन ठेवून तिने स्वच्छ पडदे खाली काढले.

हुसेनने पडद्यांचा ढीग पाहिला. बत्तीस वर्षांचा संसार, त्याला ढिगाचा अर्थ कळला. "अगो, एक कर," तो म्हणाला. "जा आणि बघून ये. फायलीत काय लिहिलंय ते न वाचता भांडायला जाऊ नये."

रविवारी ती कोळंबीच्या सालनाचं भांडं घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. फरहीनने दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "चाची, सॉरी. मी बोलायला नको होतं."

"सॉरी कशाला? पहिला भाग लाव. आणि थांबव म्हटलं की थांबव."

चार दिवस दोघी बसल्या. फरहीन मधले भाग पळवत, महत्त्वाचं तेवढं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. खैरुन्निसा दर दोन मिनिटांनी थांबवायची. "म्हणजे राणीची सासू रोज तिच्या समोर बसते आणि राणी तिला नवरा समजून सासूच्याच कागाळ्या सांगते?" "हो चाची." "आणि सासू गप्प ऐकते?" "हो." खैरुन्निसा इतकी हसली की चष्मा सालनात पडता पडता वाचला. मग एकदम गंभीर झाली. थोरली राणी घुसमी नव्हतीच. तिला तीन महिने सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या होत्या, आणि बिचारी कायम औषधाचा काढा घेऊन फिरत होती. खैरुन्निसाने तो विषाचा प्याला म्हणून खपवला होता.

"हे माझ्यापेक्षा चांगलं आहे," बुधवारी शेवटचा भाग संपल्यावर ती म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण खोटं बोलता आलं नाही. "गुरुवारी तू सांग. तुझ्याकडेच बसू."

"माझ्याकडे कपच चार आहेत, चाची. तुमच्याकडेच बसू सगळ्या."

गुरुवारी अभ्रे बदलले नव्हते. अर्चना आली, मारिया आली, फोन सवयीने फ्रिजवर गेले. खैरुन्निसा खुर्चीवर न बसता दारातल्या स्टुलावर बसली.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "फरहीनचं बरोबर आहे. जीवच बदलले होते. मला वाचता येतं, कळत नाही. मी तीन महिने मनाचं सांगितलं."

"सगळं?" अर्चनाने विचारलं.

"होडी खरी होती."

"आणि हळद?"

"हळद माझी."

"मी रडले ना मावशी त्या हळदीपायी. ड्युटीवर सुद्धा आठवलं."

"माफ कर बाय. आता खरं ऐका. फरहीन, सांग."

फरहीन सरसावून बसली. "सो, राजाला आणि आईला कळतं की परत त्याच तळ्यात पडायला पाहिजे. पण प्रधान तळं बुजवायला घेतो. मग थोरली राणी त्याला थांबवते. मग ते पडतात. मग जीव परत जातात. मग आई राजाला सॉरी म्हणते, राजा आईला सॉरी म्हणतो. मग हॅपी एंडिंग."

चहा अजून उकळायचा होता.

"संपलं?" मारियाने विचारलं.

"हो."

"पडतात म्हणजे कसे पडतात? उडी मारतात की ढकलतात?"

"आय थिंक उडी."

"म्हातारी पोहते का?"

"ते दाखवलं नाही, आंटी."

"राण्या काय म्हणाल्या?" अर्चनाने विचारलं. "परत आल्यावर?"

"काही नाही. रडल्या."

"तीन सुना, आणि काही म्हणाल्या नाहीत?"

फरहीनने खैरुन्निसाकडे बघितलं. खैरुन्निसा गॅस बारीक करायला उठली. तिने मनाशी ठरवलं होतं की मध्ये तोंड घालायचं नाही. चांगलं सांगते पोरगी. दोन-चार गुरुवारांत सुधारेल. तिच्याकडे कपही येतील.

"बरं झालं कळलं," मारिया म्हणाली. "जीवांचं मिटलं. आता आपल्यातलं काय झालं?"

"कुठलं आपल्यातलं?" खैरुन्निसाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तो मुदपाकखान्यातला गो. इकामा राजाचा आणि काम चुलीपुढे, तो. प्रधान तपासायला येणार होता. तीन महिने आम्हाला टांगून ठेवलंस. त्याला पकडला का?"

"तो नव्हताच. मी सांगितलं ना."

"नव्हता कसा?" अर्चना म्हणाली. "मी त्याला चांगला ओळखते. आणि मावशी, थोरलीला मी काय सोडणार नाही. तिकडं असेल ती चांगली. आपल्यातली घुसमीच आहे."

खैरुन्निसा पळी हातात घेऊन दारात आली. टीव्ही बंद होता. त्याच्याकडे बघून काही सुचण्यासारखं नव्हतं. आजवर तिने राजाला स्वतःहून एक पाऊलही टाकायला लावलं नव्हतं. तो पडद्यावर चालायचा, ती फक्त कारण द्यायची.

"प्रधान आला," ती सावकाश म्हणाली. "पण राजा हुशार. प्रधान यायच्या आत तो स्वतःच ऑफिसात गेला. म्हणाला, माझे कागद बदला. मुदपाकखान्याचे द्या. मला इथंच बरं वाटतं."

"काय सांगतेस," मारिया म्हणाली आणि पाय सोफ्यावर घेतले.

"आणि ऑफिसातला माणूस म्हणाला..." खैरुन्निसा स्टुलावर बसता बसता थांबली, वळली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. गुडघे जुळवले. ओढणी सारखी केली. "ऑफिसातला माणूस म्हणाला, राजे, सिस्टम बंद आहे. रविवारी या."

"अरे देवा," अर्चना म्हणाली.

"चाची, त्या काळी सिस्टम..." फरहीनने सुरुवात केली.

"गप गो," मारिया म्हणाली. "आपल्यातल्या राजाला असते."

फरहीनने क्षणभर विचार केला. मग ती सोफ्यावरून उतरून गालिच्यावर, खैरुन्निसाच्या खुर्चीजवळ बसली. "पण चाची, आईने नाही म्हटलं तर? ती घोडा सोडेल का?"

हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. पेपर खाली आला.

"आईचं ना-हरकत पत्र लागेल," हुसेन म्हणाला. "त्याशिवाय खिडकीवर उभं करत नाहीत."

"आणि ती देणार नाही," मारिया म्हणाली.

"आजारी रजा टाकू दे त्याला," अर्चना म्हणाली. "मी कागद बघते."

"धाकटीला पाठवा सही आणायला. म्हातारी तिचं ऐकते."

"कुठं ऐकते? घुसमीचं ऐकते."

चहा उतू गेला. खैरुन्निसाने उठून तो पुसला, नवा टाकला, आणि ओट्यापाशी उभी राहून त्यांचं भांडण ऐकत राहिली. म्हातारी सही देणार की नाही ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं.