चौथी मागणी

आमच्या गल्लीत लिहिता-वाचता येणारे पुष्कळ होते, पण निवेदन लिहावं तर मीच, असा एक समज होता. हा समज मुख्यतः माझाच होता. विमा कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, 'सविनय सादर करण्यात येते की' हे एका दमात लिहिता येतं. बायको म्हणायची, "तुमी तं भाजीची चिठ्ठीबी सविनय लिहिता."

आम्ही अकोल्याच्या जुन्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहायचो. खाली दुकान, वर आम्ही, मध्ये उभा जिना. ती वर्षं कापसाला वाईट होती आणि बाजाराला ते आधी कळायचं. खेड्यांतली माणसं एसटीतून उतरायची, दुकानांपुढे उभी राहायची, भाव विचारायची आणि तशीच परत जायची. काही मात्र परत जात नव्हती. मुलांच्या शाळेचं निमित्त सांगून घराला कुलूप लावून आलेली कुटुंबं गल्लीत एकेका खोलीत राहू लागली. माणसं दुप्पट झाली, नळ तेवढाच राहिला. तो नळही कधी येईल याचा नेम नव्हता. आला की अख्खी गल्ली अंगातला ताप उतरल्यासारखी हंडे घेऊन धावायची.

म्हणून एका रविवारी भांडेवाल्याच्या गच्चीवर बैठक झाली. प्रत्येकाला गल्ली सुधारायची होती. कुणाला पाणी हवं होतं, कुणाला खांबावरचा दिवा. तुंबलेली नाली सगळ्यांनाच नको होती. एक बाई उठून म्हणाल्या, एवढा मोठा बाजार, बायामानसाले जायला एक जागा नाही, तेही लिहा. पुरुष सगळे चपलांकडे पाहू लागले, पण मी लिहिलं. अशा चार मागण्या झाल्या.

तेव्हा मी माझी हुशारी काढली. सरकारी कागदाचा माझा अनुभव असा, की त्यात एक तरी मागणी अगदी सोपी ठेवावी. साहेबाला फाईलवर काहीतरी केल्याचं दाखवता येतं, आणि त्या एका बैलामागे बाकीचे बैलही दावणीतून सुटतात. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

"मंग सोपी कोनती?" भांडेवाल्याने विचारलं.

"रस्ता मोकळा करा म्हणू. दुकानांपुढे ओटे आलेत, पायऱ्या आल्यात. स्कूटर निघत नाही."

"बराबर हाय. त्या कोपऱ्यावरच्याचा ओटा तं सडकीवरच आला."

"माह्याकडं काहून पाहून राहिले?" कोपऱ्यावरचा कासार म्हणाला. "माहा ओटा बापजाद्याचा हाय. फुटाणेवाल्यानं मागच्या वर्षी वाढवला, त्याचं लिहा."

गंमत अशी, की कुणीही हरकत घेतली नाही. आपला तो ओटा, शेजाऱ्याचं ते अतिक्रमण. मी ती मागणी मध्येच, चौथ्या क्रमांकावर घातली. बायकांच्या सोयीची पाचवर गेली. कागद सगळीकडे फिरला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. बाजाराच्या मधोमध राहणाऱ्या पिंजाऱ्यानेही केली. त्याचा ओटा सगळ्यांत रुंद होता.

सगळ्यात वर सही आईची. गल्लीत वयाने तीच मोठी, म्हणून मीच म्हटलं. तिने चष्मा लावला, पेन धरून थोडा वेळ हवेत सही केली, मग कागदावर. "आजवर मले कोनं काई इचारलं नाई," म्हणाली. "आज सही मागून राहिले." ती त्या दिवशी खुशीत होती. कागदावर काय आहे ते तिने विचारलं, मी पाणी आणि दिवा सांगितला. ओट्यांचं सांगायचं राहिलं. लपवलं असं नाही. ते सांगण्यासारखं आहे, हेच मला कळलं नाही.

आईचे गुडघे गेले होते, पण रोज सकाळी भाजी आणायला तीच जायची. भाजीबाजार आमच्या घरून दहा मिनिटांवर. आईला जाऊन यायला दोन तास लागत. परतवाड्याकडची एसटी कशी कुणीही हात दाखवला की थांबते, तशी ती. पहिला थांबा कासाराचा ओटा. दुसरा पिंजाऱ्याचा. तिसरा फुटाणेवाल्याचा. तिथून बाजार समोरच. त्यांपैकी पिंजाऱ्याच्या ओट्यावर ती सगळ्यात जास्त वेळ बसे. पिंजारी आत कापूस पिंजायचा, भुवयांपर्यंत पांढरा झालेला असायचा. त्याची बायको, आई तिला भाभी म्हणायची, ओट्यावर बसून रजईला टाके घालायची. आई सुईत दोरा ओवून द्यायचा प्रयत्न करायची. तो तिला कधीच जमला नाही, पण भाभी रोज सुई तिच्याच हातात द्यायची.

एकदा मी आईला घरी न्यायला गेलो होतो तेव्हाचं बोलणं आठवतं. आई विचारत होती, यंदा लग्नाच्या गाद्या किती झाल्या.

"कुठल्या गाद्या, बाई," भाभी म्हणाली. "लोक नुसतं कापड घेऊन जातात. कापूस घरचाच हाय म्हनते, आनून देतो पिंजाले. अन् येतच नाई."

"काहून?"

"आता ते मी कसं इचारू."

दोघी मग बराच वेळ गप्प बसल्या. मी घड्याळ दाखवत उभा. गप्प बसायलाही माणसाला जागा लागते, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी "चल ना आई, ऊन होऊन राहिलं" म्हणालो.

निवेदन देऊन दोन महिने झाले. आम्ही ते विसरलोही. मग एका मंगळवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी पिवळी जेसीबी उभी. पाण्याचं कुणी आलं नव्हतं, दिव्याचं नाही, नालीचं नाही. पालिकेच्या साहेबाच्या हातात आमचाच कागद होता, माझ्या वळणदार अक्षरातला, आणि चौथ्या ओळीखाली लाल शाईने रेघ.

कासार म्हणाला माझा बापजाद्याचा आहे. फुटाणेवाला म्हणाला पहिले त्याचा काढा. साहेब म्हणाला, "तुम्हीच सह्या केल्या आहेत," आणि कागद दाखवला. दुपारपर्यंत गल्लीतला प्रत्येक ओटा, प्रत्येक पायरी, पार घराच्या उंबऱ्यापर्यंत कापली गेली. पिंजाऱ्याचं दुकान जमिनीपासून कमरेइतकं वर लोंबकळल्यासारखं दिसत होतं. तो दारात उभा होता. खाली उतरायला जागाच नव्हती. मला पाहून म्हणाला, "भाऊ, कागद तुमीच लिहिला होता ना? अच्छा लिहिला." यात टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाली. मी कचेरीत. पुढचं मला बायकोने सांगितलं. कासारापाशी आई थांबली, बसायला मागे हात नेला, आणि हात हवेत गेला. पडली नाही. उभीच राहिली थोडा वेळ, मग चालली. पिंजाऱ्याच्या दुकानासमोर मात्र गुडघ्यांनी नाही म्हटलं. ती सरळ रस्त्यात खाली बसली. ओटे गेले त्या जागी आदल्या संध्याकाळीच स्कूटरी लागल्या होत्या, त्यांतली एक काढायला आलेला कुणी तिला म्हणाला, "ओ म्हातारे, रस्त्यात कुठं बसून राहिली?" भाभीला वरून उडी मारून खाली यावं लागलं. तिने रिक्षा केली आणि आईला घरी पोचवलं. भाजी आणली नव्हती. पिशवी तशीच घडी केलेली.

त्यानंतर आई भाजीला गेली नाही. मी प्लास्टिकचं स्टूल आणून म्हटलं, हे दुकानात ठेवायला देतो, तू आली की ते बाहेर मांडतील. ती म्हणाली, "मी काय तिथं सडकीवर मेहंदी काढनारीवानी बसू?" मी पुन्हा निवेदन लिहिलं. बाजारात वृद्धांसाठी चार बाक ठेवावेत, सविनय. यावेळी सोपी मागणी अशी वेगळी घातली नाही, सगळं निवेदनच सोपं होतं. उत्तर आलं, की रस्त्यावर अडथळा निर्माण करता येत नाही, तशी नागरिकांचीच तक्रार आहे.

अमरावतीच्या बहिणीचं घर वलगाव रोडकडच्या नव्या वस्तीत, तळमजल्यावर. पुढे कंपाउंड, त्यात सिमेंटचा बाक, झाडाची सावली. मी आईला तिथे नेऊन सोडलं आणि आपण फार मोठं प्रायश्चित्त केलं असं समजून परतलो. दहाव्या दिवशी बहिणीचा फोन आला, घेऊन जा, नुसतं गेटकडे पाहत बसते. गाडीत मी आईला विचारलं, तिथे काय वाईट होतं.

"वाईट काई नाई. बसाले जागा लय हाय. बसलेलं मानूस नाई."

मग तिचं जग म्हणजे माडीची खिडकी झालं, आणि खिडकीतून दिसायचा फक्त समोरच्या कापड दुकानाचा पत्रा. संध्याकाळी मी कचेरीतून आलो की ती विचारायची, आज खाली काय झालं. मला खाली काय होतं हे आयुष्यात कधी माहीत नव्हतं. म्हणून मी मुद्दाम बाजारातून फिरून येऊ लागलो. कासाराकडे कोण आलं, फुटाणेवाल्याचं कोणाशी भांडण झालं, भाभीने काय निरोप दिला. लेकरं म्हणतात मी गोष्टी चांगल्या सांगतो. ते मी असं शिकलो.

पावसाळ्यात पिंजाऱ्याने दुकान बंद केलं. गिऱ्हाईक आधीच नव्हतं, त्यात बायामाणसांना वर चढता येईना. ती दोघं बाळापूरला लेकीकडे गेली. जाताना तो मला भेटला, आईला सांगा म्हणाला. त्या दिवशी मी घरी आलो, पाय धुतले, आणि आईने विचारलं, "काय म्हने भाभी?"

मी म्हटलं, "बरी हाय. तुजी आठवण काढत होती."

एकदा खोटं सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याचं पुढचं सांगावं लागतं. भाभीला एक मोठी ऑर्डर मिळाली. मग तिला टाके घालायला एक मुलगी मिळाली, ती मुलगी आळशी निघाली. भाभीला सर्दी झाली. मी ती बरीही केली. आई मध्ये मध्ये सल्ले द्यायची, ते मी दुसऱ्या दिवशी पोचवायचो आणि भाभीचं उत्तर आणायचो. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी मी जिना चढत होतो, तर वरून भाभी उतरत होती. बाळापूरहून दवाखान्याच्या कामाला आली होती, बाईला भेटून जावं म्हणून वर गेली होती. मला पाहून थांबली.

"भाऊ, बाईले सांगलं नाई का तुमी? चार महिने झाले आमाले जाऊन."

मी भिंतीला धरलं. "मग काय म्हणाली ती?"

"काई नाई. चाय केला बहूनं. गुडघ्याचं बोलली, माह्या लेकीचं इचारलं. मले म्हने, इथं बसून जा जराशी." तिने पदर डोक्यावर सारखा केला. "बस निघून जाईन, भाऊ."

मी वर गेलो. आई खिडकीपाशी होती. बायकोने ताट वाढलं. मी मान खाली घालून जेवायला बसलो आणि भाकरीचे तुकडे करत राहिलो. काय बोलणार होतो कोण जाणे, बहुतेक माफीचं काहीतरी, आणि तेही सविनयच सुचत होतं. तेवढ्यात आई म्हणाली,

"आज काय म्हने भाभी?"

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पत्र्याकडे पाहत होती.

"सांग ना. आयकून राहिली मी."

मी पाणी प्यायलो. मग सांगू लागलो, की त्या आळशी मुलीने आज एका गादीचे टाके उलटेच घातले, भाभी खूप चिडली, सगळी गादी उसवावी लागली.

"गादी नसन," आई म्हणाली. "आता थंडी आली. रजई असन."

"हो. रजईच."