मोज्याची टाच

भावाला उत्तरेत पहाडावर नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. आईला मात्र त्याच्या टाचांची काळजी पडली. हिवाळा लागला की त्याच्या टाचा फुटत, भेगांतून रक्त येई. आमच्या सिंदी गावच्या थंडीत ही गत, तर तिथे काय? म्हणून लोकरीचे मोजे मी विणायचे ठरले. मफलर मला विणता येत होता. मी लगेच कामाचा क्रम लावला: लोकर, सुया, पायाचं माप, आणि रोज संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे.

वरचा भाग मफलरसारखाच सरळ गेला. घोट्याखाली अडले. काकू म्हणाल्या, आता अर्ध्याच टाक्यांवर वीण आणि ओळ संपवू नको. शेवटचा टाका सुईवर तसाच सोडून परत फीर. पुढच्या ओळीत आणखी एक सोड. सोडलेल्यांचं काय, असं मी विचारलं. नंतर एकेक उचलायचे, म्हणाल्या. उचलायचेच तर सोडायचे कशाला, हे मला कळेना. अर्धवट ओळ मला बघवतही नव्हती. घरी येऊन मी प्रत्येक ओळ नीट पूर्ण केली, बाजूनं शिवण घातली आणि मोजा दाखवायला नेला.

काकूंनी आत हात घालून पाहिला. "पोरी, हे तं पिशवी झाली. टाच कुठं ठेवन तो?"

दुसरा मोजा त्यांनी समोर बसवून विणून घेतला. मी काऊन, म्हणजे कशासाठी, म्हटलं की त्या म्हणत, "समजू नको, वीन." मी न समजता सोडत गेले, न समजता उचलत गेले, आणि सपाट विणीला वाटीसारखा खोलगट आकार आला. माझ्याच हातून आला, पण कुठल्या ओळीत, ते मला सांगता येईना. पहिला घोट्यापर्यंत उसवून तसाच करायला घेतला, तर काकू माहेरी गेलेल्या. एकटीनं केला तेव्हा एका बाजूला भोकं पडली. पुन्हा केला तर टाकेच कमी भरले. शेवटी भाऊ जायच्या दिवशी सकाळी तो परत सरळच विणून शिवला.

स्टेशनावर मी म्हटलं, दोन्ही ठेवून जा, मागून पार्सल करते. भाऊ दोन्ही मोजे उलटसुलट करून पाहत होता.

"एकाच पायाले नोकरी लागली काय माह्या?"

आई हसली नाही. फलाटावर उकिडवी बसून तिनं त्याच्या दोन्ही टाचा अंगठ्यानं दाबून पाहिल्या. "डाव्यात घाल टाचवाला. तेच पयले फुटते."

तो तसेच घालून गाडीत चढला. परत येताना मी आईला विचारलं, ती पिशवी पायात टिकेल ना? सरकून गोळा तर होणार नाही?

"मले काय माहीत बाई," ती म्हणाली. "म्या कधी घातले काय मोजे?"

मीही कधी घातले नव्हते.