कच्च्या पाण्यातलं औषध

निघोज्याच्या अलीकडं, कंपन्यांच्या भिंतींना टेकलेल्या एका वाडीत गिरजाबाई कावीळ उतरवायच्या. हा मान त्यांच्या घरात सासूच्या सासूपासून चालत आलेला. रविवारी आणि बुधवारी माणसं अनशापोटी यायची, ओट्यावर रांगेनं बसायची. गिरजाबाई त्यांच्या तळहातांना कसल्याशा पाल्याचा रस चोळायच्या, वरून चुन्याची निवळी ओतायच्या, आणि पिवळंधमक पाणी खाली गळायचं. "बघ, उतरली!" आता खरं सांगायचं तर त्या रसावर चुन्याचं पाणी पडलं की धडधाकट पैलवानाच्या हातूनही पिवळंच गळेल. पण हे करून बघतो कोण? मग वाटलेली मुळी फुलपात्रात कालवून प्यायची. पैसा घ्यायचा नाही, आणि औषधाचं पाणी ताजं, कच्चं पाहिजे. "इस्तवावर ठिवलेल्या पाण्यात औषध मरतं," असं सासूनं सांगून ठेवलेलं. सासूच्या काळी ते पाणी झऱ्याचं होतं. आता नळाचं.

आणि नळाची तर काय तऱ्हा! कंपन्या आल्या, त्यांच्या मागं कामगार आले, आणि ज्याला वीतभर जागा होती त्यानं पत्र्याच्या खोल्या काढल्या. गिरजाबाईंचा लेक ज्योतीराम काही मागं राहणाऱ्यातला नव्हता. त्यानं परसात ओळीनं रूम बांधल्या आणि त्यांचं सांडपाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडून दिलं. त्याच गटारातून नळाची लाइन गेलेली, जागोजाग गळकी. त्यात पाण्याला जोर नाही म्हणून घरोघरी नळाला मोटर जोडलेली. मोटर सुरू झाली की पाण्याबरोबर गटारही ओढलं जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ग्रामपंचायतीत विषय निघाला की जो तो शेजाऱ्याच्या मोटरीकडं बोट दाखवायचा, आणि घरी येऊन आपली चालू करायचा.

झालं काय, की गिरजाबाईंच्या ओट्यावरची रांग वाढली. रूममधली पोरं, त्यांच्या बायका, नाइट शिफ्ट करून थेट आलेले हेल्पर. गिरजाबाई हरखून गेल्या. "आख्खी एमायडीसी माज्या वट्यावर येतीय!" म्हणायच्या. एवढी माणसं एकदम पिवळी का पडली, हा प्रश्न काही बाईला पडला नाही. मोठेपणा एकदा अंगात आला की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

त्यांची सून करिष्मा रहाटणीची. पोटुशी होती. अंगणवाडीताईंनी सांगितल्यापासून ती पाणी उकळून, गाळून, वेगळ्या कळशीत भरून ठेवायची. गिरजाबाईंना ते खुपायचं. "गॅस काय फुकट येतो व्हय? आमी काय मेलो का ह्या पाण्यानं?" करिष्मा हसून म्हणायची, "असू दे आत्या, आता थोडेच दिवस राहिले." भांडणारी पोर नव्हती ती. आणि सासूचा तिच्यावर जीव होता, हेही खोटं नाही. पहिल्या नातवंडाची वाट बघत बाईनं आपली मऊ लुगडी फाडून दुपटी शिवून ठेवली होती.

परसातल्या एका रूममध्ये ताजुन्निसा भाड्यानं राहायची, तिचा नवरा नौशाद गॅरेजात मेकॅनिक. तो पिवळा पडला तशा गिरजाबाई घाबरल्या. कावीळ दारात आली! मग त्यांनी ठरवलं, सुनेला आधीच औषध दिलेलं बरं. दर रविवारी सकाळी फुलपात्र पुढं यायला लागलं.

"आत्या, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा ना," करिष्मा पहिल्या दिवशीच म्हणाली.

"अगं, औषध मरतं त्यानं! माज्या नातवासाठी एवढं पी की बाई."

करिष्मानं नाक दाबून एका घोटात संपवलं. सासूचं मन मोडणं तिच्या जिवावर आलं.

पुढच्या महिन्यात करिष्माचेच डोळे पिवळे झाले. गिरजाबाईंनी तिचे तळहात चोळले, निवळी ओतली, मुळी पाजली. पोरीच्या पोटात अन्न ठरेना. ताजुन्निसा उंबऱ्यात येऊन कळवळून म्हणाली, "काकी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. आमचे हे सलाईन लावल्यावरच उठले."

"तुज्या नवऱ्यानं पथ्य पाळलं न्हाई, म्हनून," गिरजाबाई फणकारल्या. ज्योतीराम आईच्या तोंडाकडं बघत बसला. त्यात आणखी दोन दिवस गेले. करिष्माला उठून बसताही येईना, तेव्हा कुठं गाडी काढली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तपासता तपासता गंभीर झाल्या. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, म्हणाल्या. मग करिष्माच्या तोंडाशी वाकून विचारलं, "न उकळलेलं पाणी कुठं प्यायलीस का गं?"

"नाही हो. घरात उकळूनच... बाहेर गेलेच नाही कुठं." करिष्मा थांबली. "फक्त रविवारचं औषध." तिनं सासूकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "आत्यांनी माझ्या चांगल्यासाठीच दिलं होतं."

"नळाच्या कच्च्या पाण्यात कालवलं व्हतं मी," गिरजाबाई पुटपुटल्या. पोटातलं बाळ आधी गेलं, आणि मागोमाग करिष्मा गेली.

दहाव्याला बायका जमल्या. शेजारच्या शालनबाईंनी गिरजाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "देणाऱ्याच्या घरात गुण येत नसतो बाई. दुसऱ्याला लागू पडतं, आपल्याला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. किती सोयीचं बोलणं! ना नळ, ना गटार, ना मोटर. दोष सगळा नशिबाचा, आणि नशिबाला कोण जाब विचारणार?

पुढच्या रविवारी ओट्यावर पुन्हा रांग लागली. गिरजाबाई बाहेर आल्या. पिवळ्या डोळ्यांची एक बाई हात पुढं करून बसली होती. तिचे हात त्यांनी झिडकारले आणि गळा काढून ओरडल्या, "उठा! दवाखान्यात जा मुकाट्यानं! माजी सून ह्या नळाच्या पाण्यानं मेली, आन् ते मी पाजलं, ह्या हातांनी! पोरास्नी पाजू नगा हे पाणी! गटार हाय त्यात, आमच्याच रूमचं!"

परसातल्या रूमची दारं एकेक करून उघडली. ज्योतीराम आतून धावत आला. त्यानं आईचा दंड धरला.

"आई, गप. सगळे ऐकतायत. रूम खाली करून जातील."

मग रांगेकडं वळून तो म्हणाला, "दुःखात हाय ती. बसा तुमी, देईल."