नानांनी मोजलेली चाळ

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या नकाशांच्या ऑफिसची कोणी आठवण काढली, की मी विषय बदलायचो.

आमचे सर्व्हेवाले नाना घराचं दार दाखवल्याशिवाय नकाशा पुरा मानत नसत. "दार नसलं तर ती डब्बी झाली भिया, घर नाही," म्हणायचे. मल्हारगंजातून सायकलवर निघायचे, टेप धरून गल्ल्या मोजायचे आणि दुपारी कागद माझ्या टेबलावर ठेवून विचारायचे, "सगळं चढवशील ना?" नकाशे कॉम्प्युटरवर चढवणं तेव्हा नवीन होतं आणि ऑफिसात ते मला एकट्यालाच येत होतं.

कॉम्प्युटरवर रस्ते, नाले, घरं वेगवेगळ्या थरांवर असतात. हवा तो थर झाकता येतो. नानांना याची धास्तीच होती. मी गमतीनं घरं झाकली, की ते पडद्यावर बोट ठेवत. "अबे, चालू कर पहिले! लोक राहतात तिथं."

मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर बाजार आखायचं काम आमच्याकडे आलं. मागे कामगारांची चाळ होती. नानांनी तिच्या बत्तीसही खोल्या दारांसकट टाकल्या. कोणाच्या दारात तुळस, कोणाकडे बकरी, हेही मला सांगत बसले. बाजाराचं मॉडेल कॉम्प्युटरवर करताना नवे रस्ते उठून दिसावेत म्हणून मी घरांचा थर झाकला आणि प्रिंट काढताना उघडायला विसरलो. चाळीच्या जागी मोकळी जमीन दाखवणारा नकाशा साहेबांकडे गेला.

ते जागा बघायला गेले, तर चाळीतल्या बायकांनी त्यांना घेरलं. परत येऊन त्यांनी प्रिंट टेबलावर आपटली. "सर्व्हे किसने किया था?"

नाना माझ्याकडे वळले. "मी टाकली होती ना घरं? कागद तुझ्याकडेच आहे."

कागद माझ्या खणात होता. माझा मोठा भाऊ त्याच मिलमधून बेकार होऊन घरी बसलेला, सगळं घर माझ्या पगारावर. "शोधावा लागेल," मी म्हणालो.

मी तो शोधला नाही. त्याच आठवड्यात नानांना कामावरून काढलं.

काही महिन्यांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. नानांनी माझ्यासाठी पोहे करायला सांगितले आणि चष्मा पुसत म्हणाले, "नजर गेली असेल भिया. अख्खी चाळच सुटली माझ्याकडून. रोज आठवून बघतो, मी गेलो तरी होतो का तिथं?"

"होतं असं कधी कधी, नाना," मी म्हणालो आणि पोहे खाल्ले.

नाना जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या दिवशी म्हणायचं होतं ते एवढंच: नाना, तुम्ही गेला होतात. एकही खोली सुटली नव्हती. मला माफ करा.