ट्रेलरची खिडकी

नवरा रिटायर झाला आणि आमच्या घरात ट्रेलर शिरला. खराखुरा नव्हे, बोलण्यातला. चहाला ट्रेलर, जेवताना ट्रेलर, पाहुणे आले की त्यांनाही भजी आणि ट्रेलर. जीपच्या मागं ओढायचा, कच्च्या रस्त्यावर टिकणारा, आत झोपायची आणि रांधायची सोय असलेला. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात सगळी नोकरी पाळ्या करण्यात गेलेल्या या माणसाला आता आलापल्ली, भामरागड, सिरोंचा असं हिंडायचं होतं. मुक्काम ओळखीच्यांच्या अंगणात, नाहीतर गावानं हो म्हटलं तर शाळेच्या पटांगणात. कल्पना वाईट नव्हती. मलाही जायचं होतं. जीव खाल्ला तो त्या निवडीनं.

माझी मागणी एकच होती. पलंगाशेजारी एक मोठी, उघडणारी खिडकी.

ज्यांनी पाळ्यांचे संसार केले नाहीत त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. नवऱ्याची रात्रपाळी असली की आमच्या क्वार्टरमध्ये दिवसा रात्र करावी लागे. घरातल्या सगळ्या काचांना मी पिठाची खळ करून वर्तमानपत्रं चिकटवली होती, त्यावर पडदा, पडद्यावर जुनी चादर. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. पोरं खुणांनी भांडायची. आमच्या ओळीत घरोघरी हेच. भाजीवालासुद्धा तिथं आरोळी न देता यायचा, दाराशी उभा राहून खोकायचा. मी दुपारी तांदूळ निवडायला बसायची तीही दिवा लावून. मग क्वार्टर सोडलं, चंद्रपुरात स्वतःचं घर झालं. तिथं ह्या गृहस्थानं आधी काय आणलं? जाड पडदे. रात्री ह्याला झोप येत नाही आणि दिवसा उजेड सोसत नाही. घर बदललं, अंधार तोच.

म्हणून खिडकी. "हो हो, खिडकी पह्यले," असं तो म्हणाला होता. माझ्यादेखत म्हणाला होता.

मग निवड सुरू झाली. छोटा, मागं ओटा असलेला ट्रेलर पाहिला, तर उंची कमी. छत वर उचलून बाजूला कापड लागणारा पाहिला, तर "कापडाचा काय भरोसा?" चेसिस, सस्पेन्शन, हूक यांच्या खाली शिरून शिरून त्याच्या सगळ्या सदऱ्यांच्या पाठी काळ्या झाल्या. शेवटी गावाबाहेरच्या एका शेडमध्ये हवा तसा बांधून घ्यायचा ठरला, आणि मग तर विचारूच नका. वीज केंद्रात प्रत्येक पंपाला एक जोडीदार पंप असतो. एक बंद पडला की दुसरा सुरू. तिथं ते ठीक आहे, तिथून शहरांना वीज जाते. आम्हाला दोन माणसांचा चहा करायचा होता. तरी पाण्याच्या टाक्या दोन, शेगड्या दोन, बॅटऱ्या दोन, बाहेरचे दिवे दोन. सोबत न्यायची बुद्धाची मूर्ती हादऱ्यानं पडू नये म्हणून तिच्या फळीलाही त्यानं चित्रात दोन पट्ट्या काढल्या. मी म्हटलं, "एक बायकोबी जास्तीची घेऊन ठेवा, मी बंद पडले तर." त्याला हसू आलं नाही. वजन वाढेल म्हणाला.

या गर्दीत खिडकी बारीक होऊ लागली. माजरीचा त्याचा मित्र आला. हा कोळशाच्या खाणीत राहिलेला, धुळीचा जाणकार. म्हणाला, "बाई, जेवढी मोठी खिडकी, तेवढी धूळ तुमच्या भातात." झाली खिडकी अर्धी. मग पोंभुर्ण्याहून माझा सख्खा भाऊ आला. निदान तो तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून मी त्याला दोनदा वाढलं. तो हात धुऊन म्हणतो कसा, "मोहफुलाच्या दिवसात अस्वल फिरते, बाई. काच त्याच्यासमोर काय टिकते?" झाली पाव. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! ज्यांना आत झोपायचं नव्हतं ते सगळे माझ्या खिडकीवर हात फिरवून गेले.

एके सकाळी नवऱ्यानं नवं चित्र दाखवलं. पलंगाच्या बाजूला सपाट भिंत. वर कोपऱ्यात दोन गोल.

"हे काय?"

"हवा बाहेर फेकाचे पंखे."

"दोन काऊन?"

"एक बंद पडला तं?"

"अन् खिडकी?"

"अवो, दिवसा झोपाले बरं पडते. बिलकुल उजेड येत नाई."

मी चष्मा काढून ठेवला. राग आला की मला नीट दिसत नाही, चष्मा काय करणार? "तुमी रिटायर झाले ना?" मी विचारलं. "मंग मी कवा होऊ? त्या डब्यात मले कोंडून जंगल दाखवाले नेता का? मी नाई येत. तुमी, तुमच्या दोन टाक्या अन् दोन शेगड्या, जा तिघंबी."

त्यानं कागद घडी करून खिशात टाकला. मग अगदी हळू म्हणाला, "मले उजेडात झोपच येत नाई वो."

"माहीत हाय," मी म्हटलं. "कागद मीच लावत होते."

दुसऱ्या दिवशी त्यानं जीप काढली आणि मला चल म्हणाला.

शेडमध्ये आमचा ट्रेलर उभा होता, चारी बाजूंनी पत्रा, दार तेवढं उघडं. नवऱ्यानं कारागिराकडून खडू मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. "काढ," म्हणाला. मी पलंगाच्या बाजूच्या पत्र्यावर खिडकी काढली. उशीपासून पायथ्यापर्यंत, चांगली हात लांब करून. तो "एवढी?" म्हणाला, मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यानंच कारागिराला काप म्हणून सांगितलं.

कटरच्या आवाजानं कान किटले. पत्र्याचा तुकडा बाहेर पडला आणि शेडमागचं शेत, पळसाची झाडं, रस्त्यावरून जाणारी बैलगाडी, सगळं एकदम आत आलं. आम्ही आत जाऊन पलंगाच्या फळीवर बसलो. लांबी पुरते का पाहायला तो आडवा झाला. ऊन सरळ त्याच्या तोंडावर आलं. त्यानं डोळ्यांवर हात आडवा घेतला.

इतकी वर्षं तो हात असा वर गेला की मी कुठंही असले तरी उठायची आणि पडदा ओढायची. तेव्हाही गुडघे उठायला निघालेच होते. वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी उठले नाही.