केळीच्या खांबातली पहिली मेणबत्ती

गेल्या वर्षी माझा पुढचा दात माझ्या थोरल्या भावानं पाडला आणि त्याच्या कानाची पाळी मी चावली. दोन्ही कामं एकाच सकाळी उरकली, अर्धापूरच्या आमच्या सामाईक विहिरीवर, पाण्याच्या पाळीवरून. दोघंही पन्नाशीतले, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे! वहिनीनं अंगावर बादली ओतली तेव्हा कुठं आम्ही सुटलो, भांडणारी कुत्री सुटतात तसे.

"पुन्हा माझ्या बागेत पाय टाकलास तर तोडीन तुला," दादा कान दाबत म्हणाला.

"आधी कान तर शिवून घे," मी रक्त थुंकत म्हणालो. मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या आमच्या चर्चमध्ये केळीच्या आडव्या खांबात रोवतात. खांब आमच्या घरचा. वडिलांनी घालून दिलेली रीत अशी, की आदल्या संध्याकाळी माझ्या वाट्याच्या बागेतली घड उतरलेली एक केळ निवडायची. धाकट्यानं ती कवेत धरायची आणि थोरल्यानं तोडायची. या भांडणानंतर दादा कसला येतोय! ऊन उतरताना मी बागेत एकटाच उभा होतो. सुजल्या ओठानं धड प्रार्थनाही होईना. 'देवा, त्याला पाठव,' एवढंच म्हटलं.

देवानं पाठवला की! पानं फाडत दादा आला. हातात धार लावलेली कत्ती, डोळे तांबारलेले. मला इतका आनंद झाला, की मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलंच नाही.

"आलास! मला वाटलं, रुसलास." मी एका जाड केळीला मिठी मारली, गुडघे टेकले, मान खाली घातली. "हा खांब बघून पाळकसाहेब खूश होतील. बुडाशी घाव घाल. अन् कानाचं काय म्हणतो डॉक्टर?"

नुसत्या धापा ऐकू आल्या. मग घाव बसला, माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर. कॉलरवर चीक उडाला. मी मागं सरलो. केळ पडली तरी दादा थांबेना. जनावरासारखा आवाज काढत त्यानं पडलेल्या खांबाचा पार चेंदा केला.

"दादा, मेणबत्त्या काय या चटणीत रोवायच्या?"

तेव्हा त्यानं कत्ती फेकली आणि मटकन खाली बसला.

"माझी नवी रोपं उपटलीस तू. तुझी मान तोडायला आलतो रं मी."

"मी? दुपारभर मी नांदेडला दाताच्या डॉक्टरपुढं आ करून बसलो होतो!"

दोघांनी त्याच्या बागेत जाऊन बघितलं. चिखलात रानडुकरांचे खूर उमटलेले. ती आदल्या रातीच येऊन गेली होती. भांडणाच्या नादात तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. परतताना 'तुझी मान' हे शब्द कुठं माझ्या डोक्यात शिरले आणि मी बांधावरच बसलो; दादालाच मला धरून चालवावं लागलं. देवानं मी मागितलं तेच दिलं होतं, फक्त कत्तीसकट. मग दुसरी केळ तोडली. या वेळी मी मान लांब ठेवली.

रविवारी पहिली, आशेची मेणबत्ती पेटवायला पाळकसाहेबांनी दादाला बोलावलं. तो जागचा हलेना.

"माझ्या हातानं न्हाई. या हातानं काल भावाला तोडायला गेलतो."

मी उठलो, त्याला पुढं ओढलं, त्याच्या हातात काडी दिली आणि मनगट घट्ट धरलं. ज्योत हलली, पण लागली.

आता आमची भांडणं मिटली म्हणालो, तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. विहिरीवर शिव्या अजून चालतात. पण दादाचा हात उठला, की त्याची नजर माझ्या कॉलरवर जाते. केळीचा चीक कशानं निघत नाही. वाळल्या रक्तासारखा डाग राहतो. मी विहिरीवर मुद्दाम तोच सदरा घालून जातो. हात खाली येतो. "घे, सोड पाणी," दादा पुटपुटतो. आणि मी, चक्क गप्प बसतो.